मदत हवी आहे: भाच्याला पुरुष सोप्रानो व्हायचंय

माझा भाचा २१ वर्षांचा, जर्मनीत गाणं शिकतो. बोलतो चारचौघांसारखा, पण गाताना आवाज थेट सोप्रानोच्या, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच आवाजाच्या, पट्टीत जातो. परवा फोनवर मोझार्टच्या 'फिगारो' ऑपेरातलं केरुबिनो या पोरसवदा मुलाचं गाणं म्हणून दाखवलं, तर आतल्या खोलीतून आईने विचारलं, "कोण मुलगी गातेय गं?"

त्याचे शिक्षक म्हणतात, टेनर (पुरुषांच्या नेहमीच्या उंच आवाजाचा गायक) हो, पोट भरेल. मला हे मुळीच पटत नाही. १८व्या शतकातल्या इटालियन ऑपेरात नायकाच्या कितीतरी भूमिका याच उंच पट्टीतल्या, कास्त्रातो गायकांसाठी लिहिलेल्या. त्यासाठी मुलगा वयात येण्याआधीच शस्त्रक्रियेने त्याचे वृषण निकामी करत, म्हणजे आवाज फुटत नसे; ती क्रूर प्रथा संपली हे चांगलंच झालं. अशा शेवटच्या कास्त्रातोंपैकी एक असलेल्या मोरेस्कीचं १९०२ आणि १९०४ चं ध्वनिमुद्रण ऐकलंत तर काळजात कालवाकालव होते. आज सॅम्युएल मारिन्यो, ब्रूनो दे सा हे पुरुष सोप्रानो शस्त्रक्रियेविना त्या भूमिका गातात. मग वाट आहे ना?

ऑडिशनला त्याने स्वतःला सोप्रानो म्हणवावं की काउंटरटेनर (बायकांच्या पट्टीत, पण बहुधा सोप्रानोहून खाली गाणारा पुरुष)? हँडेलच्या 'ज्यूलिओ चेझारे' ऑपेरातली सेस्तो या तरुणाची भूमिका तयार करावी का? आणि या पट्टीत रोज किती वेळ गायलं तर गळा टिकतो? युरोपात बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातली) गायकी शिकलेलं कुणी असेल तर कृपया लिहा. ऑडिशन पुढच्या महिन्यात आहे.