मदत हवी आहे : जुने कँटोनीज ऑपेरा-सिनेमे सबटायटल्ससह कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. हाँगकाँगच्या जुन्या ऑपेरा-सिनेमांचा (म्हणजे कँटोनीज या तिथल्या चिनी बोलीतल्या संगीत नाटकांवरच्या सिनेमांचा) नाद लागलाय. सुरुवात झाली १९५९ च्या 'दाय न्यू फा'पासून. चीनच्या मिंग राजघराण्याची शेवटची राजकन्या, तिचा नियोजित वर, आणि शेवटी लग्नाच्याच रात्री दोघं विष घेतात. त्या वेळचं गाणं संपूच नये असं वाटतं.

आई शेजारी भाजी निवडत होती. नायक गायला लागला तशी म्हणाली, "अगं, हा बाप्या नाही, बाई आहे!" खरंच होतं. याम किम-फाय या अभिनेत्री आयुष्यभर पुरुष भूमिकांसाठीच गाजल्या, समोर नायिका बाक स्यूत-सिन. आपल्या बालगंधर्वांच्या बरोबर उलट! मग आईने भाजी बाजूला ठेवली. लांब पांढऱ्या बाह्या झटकून रडणं दाखवतात, ते तिला फार आवडलं.

अडचण अशी की माझ्याकडच्या प्रतीत इंग्रजी ओळी पांढऱ्या, त्याही पांढऱ्या बाह्यांवर. निम्मं वाचताच येत नाही. आईसाठी मी मोठ्याने भाषांतर करते, तोवर पुढचं कडवं निघून जातं.

नीट सबटायटल्स असलेली डीव्हीडी किंवा अधिकृत ऑनलाइन प्रत कुणाला माहीत आहे का? हाँगकाँगला राहणारं कुणी असेल तर फारच बरं. आणि दिग्दर्शक जॉन वूने १९७६ साली हीच कथा पुन्हा केली, ती आधी बघावी का? की जुन्याची गोडी जाईल?