मदत हवी आहे: गिंपमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) होडी कापताना दोर पण गायब होतात

मंडळी, गिंप वापरणाऱ्यांनी जरा बघा. आईची खानावळ आहे दापोलीजवळ, तिच्या बोर्डावर बाबांच्या जुन्या होडीचा फोटो टाकायचाय, मागे नुसता निळा रंग पाहिजे. फ्लेक्सवाला म्हणतो बॅकग्राउंड काढून पीएनजी (पारदर्शक भाग राहतो अशी फाइल) आण, नाहीतर त्याचे वेगळे पैसे. म्हटलं तासाभराचं काम, आज चौथा दिवस आहे.

फोटो हर्णै बंदरातला, मागे सुवर्णदुर्ग. परत काढायची सोय नाही, २०२० च्या निसर्ग वादळात होडी फुटली आणि राहिला तो हा एकच फोटो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला.

फझी सिलेक्टने (सारख्या रंगाचा भाग निवडणारं टूल) आभाळावर क्लिक केलं की होडीचा पांढरा पट्टा पण जातो, कारण पावसाळी आभाळ आणि पट्टा एकाच रंगाचे. थ्रेशोल्ड (रंगात किती फरक चालेल तो आकडा) कमी केला तर आभाळाचे ठिपके राहतात, आणि खाली होडीचा काळा भाग किल्ल्याच्या तटात असा मिसळलाय की मलाच कळत नाही कुठे काय. सगळ्यात वैताग डोलकाठीपासून नाळेपर्यंतच्या (नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक) दोराचा, त्याला नारळी पौर्णिमेच्या पताका आहेत. झूम केलं तर दोर जेमतेम दोन पिक्सेल. शिवाय निळ्यावर ठेवली की होडीभोवती पांढरी कड दिसते. (डिलीट केल्यावर पारदर्शक भागाच्या चौकटींऐवजी पांढरंच यायचं, ते अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकपणाची सोय, अ‍ॅड करून सुटलं, एवढं एकच जमलंय.)

प्रतिसाद १:
फझी सोडा, रंग सारखे असतील तर ते टूल आंधळंच. पाथ टूल घ्या, बी दाबा, कडेकडेने क्लिक करत जा, वळणावर क्लिक करून ओढा, शेवटी कंट्रोल दाबून पहिल्या बिंदूवर क्लिक आणि एंटर, सिलेक्शन तयार. पांढरी कड येते कारण कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धं आभाळ मिसळलेलं असतं, म्हणून सिलेक्शन एक पिक्सेल श्रिंक करा (आत घ्या), एक पिक्सेल फेदर (कड मऊ). आणि डिलीट करू नका हो, लेयर मास्क लावा, तो भाग पुसत नाही, नुसता झाकतो, चुकलं तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतं. दोर कापत बसू नका, कापताना सोडून द्या आणि नव्या लेयरवर पाथ काढून स्ट्रोक पाथ करा (पाथवरून रेघ उमटते), थोडा झोल ठेवा म्हणजे खरा वाटेल. पताका मात्र एकेक कापाव्या लागतील, इलाज नाही.

प्रतिसाद २:
आधी मूळ फाइल शोधा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, बोर्डाएवढा मोठा केला की चित्र फाटेल, धूसर दिसेल. ज्याने काढला त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि जेपीजीत सेव्ह करू नका, त्यात पारदर्शक भाग राहतच नाही.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. मूळ फोटो चुलतभावाच्या जुन्या फोनात सापडला, ४००० पिक्सेल रुंद, त्यात पट्टा आणि आभाळ डोळ्यांनी तरी वेगळे दिसतात. पाथने अडीच तास लागले, मधे दोनदा लाईट गेली. दोर नवीन काढला, झोल पण दिला, कौतुकाने बाबांना दाखवला तर म्हणे दोर नाळेला नव्हता, खालच्या कडीला बांधायचो. मूळ फोटो मोठा करून बघितला, खरंच कडीला आहे. परत काढला. आता पताकांचे रंग त्यांना विचारणारच नाहीये.