पेज, पथ्य आणि अंगावरचे चट्टे: तुमचे अनुभव सांगा

शेवंतीची वेणी

गणपतीची चवथ तोंडावर आलीय म्हणून काल माळा उपसायला काढला. शोधत होते गणपतीवर टांगायच्या माटोळीची दोरी, हाती लागली शंभरपानी वही. वर माझ्याच अक्षरात "पथ्य, २०११". आत रोजचं खाणं आणि पुढे त्या दिवशीच्या खाजेला दहापैकी मार्क. "उकड्या तांदळाची पेज, तोर (मिठातल्या कैऱ्या). खाज ४." "बांगड्याचं हुमण (कालवण). खाज ४." "वडे चोरून खाल्ले. खाज ४." माळ्यावर बसून एकटीच हसत सुटले.

मला सोरायसिस पंचविशीपासून. कोपरं, गुडघे, डोकं. खांद्यावर कोंडा दिसतो म्हणून काळं नेसणं बंद, आणि मे महिन्यातल्या लग्नांना मनगटापर्यंत बाह्या. २०११ मध्ये आहाराचं बघणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, आधी आतडं बरं करा, कातडी मागोमाग येते. मग बंद काय काय? गहू, दूध, साखर, चहा, टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची. आमच्या घरात मिरची बंद म्हणजे चूलच बंद. उरली पेज. सकाळी दहाला पेज, दुपारी मऊ भात नि दुधीभोपळा, संध्याकाळी नाचणीची आंबील, आणि आठवड्यातून दोनदा मटणाची हाडं उकळून त्याचं पाणी. सोमवारी मासळीचं नाव न काढणारं आमचं घर, तिथे हाडं! सासूबाईंनी मागच्या परसात तीन दगड मांडून वेगळी चूल केली. मला तेव्हा वाटलं, त्यांना माझं हे सगळं ओंगळ वाटतंय.

काल वहीची मागची पानं पहिल्यांदा उघडली. तिथे त्यांचं अक्षर. "आज ती म्हायेरा. हाडां दोन वरां उकडलीं. फाल्यां तिका दिवपाचीं." म्हणजे मी माहेरी गेलेली असताना त्यांनी हाडं दोन तास उकडून दुसऱ्या दिवशी मला द्यायला ठेवलेली. अशी सतरा पानं आहेत. मला पत्ताच नव्हता.

गुण आला का? चार महिन्यांत नऊ किलो उतरले. डोकं जवळजवळ साफ, कोपरं निम्म्यावर. मग डिसेंबरात घसा धरला, ताप आला, आणि पंधरवड्यात पोटापाठीवर पावसाच्या थेंबांसारखे बारीक चट्टे. त्या महिन्यात तर पथ्य एक दिवस मोडलेलं नसताना! त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतर असं उठतं, जेवणाशी संबंध नाही. त्या रात्री वही माळ्यावर गेली.

आता वाटतं, गुण आला तो वजन उतरल्याचा असावा. तुम्ही कोणी असलं पथ्य केलंय? झालं ते लिहा, फसलं तेही लिहा.

म्हापशेकर

चोरून खाल्लेले वडे वहीत नोंदवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. आमचे बाबा डॉक्टरसमोर बसून "साखर? हात नाही लावत" म्हणायचे, खिशात पेढ्याचा कागद.

केप्याची बाय

सासूबाईंचं वाचून गलबललं गो. भात करपतोय, नंतर लिहिते.

दर्यावर्दी

माझं सोरायसिस नव्हे, अंगावर उठायचं. जून-जुलैत हमखास. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा बाहेरून बर्फातून आलेले बांगडे खायचे आणि अर्ध्या तासात कान तापायचे, तोंड लाल, पाठीवर या एवढ्या गांधी. आई सोलां (आमसुलं) भिजवून ते पाणी चोळायची, थंड वाटायचं तेवढंच. मी ठरवून टाकलं की मला मासळीची ॲलर्जी. दोन वर्षं शिवराक, मासळी बंद. घरच्यांनी वाळीत टाकायचंच बाकी ठेवलं होतं.

मग ॲलर्जीची तपासणी केली तर मासळीची ॲलर्जी नाहीच. बांगडा, तारली, कुप्पा (ट्यूना) असले मासे पकडल्यापासून नीट बर्फात राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. ते तळून जात नाही, उकळून जात नाही. दोष माशाचा नव्हता, शिळेपणाचा होता.

पण गंमत पुढे. मधल्या काळात मी पण "पोट सुधारा"च्या नादी लागलो होतो. रोज आंबील, बरणीत आंबवलेला कोबी, तीन दिवसांचं ताक. आंबवलेल्या पदार्थांतही हिस्टामीन असतं! पोट सुधारतोय सुधारतोय म्हणत रात्री भिंतीला पाठ घासत बसायचो म्हशीसारखा.

तिरफळ

बर्फातल्या मासळीवरून आठवलं, २०१८ च्या जुलैतला, मासळी टिकवायला फॉर्मेलीन हे रसायन वापरतात म्हणून उठलेला गोंधळ. बाहेरची मासळी काही दिवस बंदच केली होती. आमच्या शेजारचे काका तेव्हा पंधरा दिवस सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमुरीवर, म्हणजे नारळ घातलेल्या कोशिंबिरीवर, जगले आणि वजन वाढलं म्हणून तक्रार करत होते. नारळ किती घालत होते ते नाही सांगितलं.

दर्यावर्दी

किसमुरीत नारळ मोजणारा माणूस गोंयकार नव्हे.

रातराणी

मुलगी झोपलीय तोवर पटकन लिहिते. तिला इसब, चार महिन्यांची होती तेव्हापासून. गाल, मग कोपराच्या नि गुडघ्याच्या लवणी. ओळखीतल्या सगळ्यांनी सांगितलं पोटातून आहे. दीड वर्षाची असताना मी दूध, अंडी, गहू, शेंगदाणे सगळं तोडलं, स्वतःच्या मनाने, आठ महिने. खाज होती तशीच, वजन मात्र थांबलं. मुलांच्या डॉक्टरणीने तक्ता समोर ठेवून दाखवलं, सपाट रेघ. ओरडली नाही, पण मला ओरडल्यासारखंच लागलं.

तिने सांगितलं ते असं: काही मुलांना खरंच अन्नाची ॲलर्जी असते, पण ती तपासून ठरवायची. उगाच महिनोन्‌महिने एखादी वस्तू तोडली तर नंतर ती दिल्यावर खरी ॲलर्जी उठू शकते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता आम्ही काय करतो तर कोमट पाण्याची पाचेक मिनिटांची आंघोळ, अंग टिपायचं, ओलसर असतानाच ओलावा धरणारं साधं मलम भरपूर थापायचं. दिवसातून दोनदा. उठलं की डॉक्टरणीने दिलेलं स्टिरॉइड मलम तेवढ्याच दिवसांपुरतं. अंडं परत सुरू केलंय, काही झालं नाही. झालं, उठली.

शेवंतीची वेणी

रातराणी, तुला मनापासून समजतं. आपण करतो ते मायेनेच करतो गो.

२१ दिवसांत मुळासकट

सोरायसिस, इसब, कोड सर्व मुळापासून जाते. आतडी शुद्धीची आमची पुडी, साइड इफेक्ट नाही. मेसेज करा.

म्हापशेकर

आले!

नाचणीसत्व

या पुड्यांपासून लांब राहा हो. माझ्या मावसभावाने असलीच एक पुडी तीन महिने घेतली. आठवड्यात कातडी आरशासारखी, गावभर कौतुक. चेहरा सुजायला लागला तेव्हा शंका आली, तपासली तर आत स्टिरॉइड. एकदम बंद केली आणि सोरायसिस अंगभर पेटला, तळव्यांवर पुवाचे फोड. दवाखान्यात ठेवावं लागलं.

आता माझं. मी या धाग्यावरची बहुतेक एकटी जिला पथ्यानेच बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते. कोपरं, गुडघे आणि ढुंगणावर पाण्याचे बारीक फोड, खाज अशी की झोपेत रक्त काढायचे. दोनदा खरूज म्हणून घरातल्या सगळ्यांना गळ्यापासून पायापर्यंत औषध फासून झालं. नवरा अजून ती रात्र काढून चिडवतो. शेवटी एका तरुण डॉक्टरने फोडाशेजारची कातडी काढून तपासायला पाठवली. निघाला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात हर्पीस असला तरी नागिणीशी काही देणंघेणं नाही. हा सीलिॲकचा त्वचेवरचा अवतार. गव्हातलं ग्लुटेन आतड्याला चालत नाही आणि कातडी बोंब मारते. माझं पोट तर कधी दुखलंही नव्हतं.

पहिले काही महिने डॅप्सोनची गोळी. ती कुष्ठरोगातही देतात हे औषधाच्या दुकानात कळल्यावर मी तिथेच खुर्चीवर बसले. पण दोनतीन दिवसांत खाज गेली. गहू सोडल्याचा फायदा मात्र सावकाश, माझी गोळी सुटायला दीड वर्ष लागलं.

एक गोष्ट ठळक लिहा कुठेतरी: रक्ताची टीटीजी तपासणी (सीलिॲकची) होईपर्यंत गहू सोडायचा नाही. आधीच सोडलात तर तपासणी खोटी साफ येते, मग पुन्हा सहा आठवडे पाव खाऊन फोड आणा. माझ्या नणंदेचं असंच झालं.

आणि गहू कुठे कुठे लपतो! पाव, पोळी सोडणं सोपं. रव्यात घोळवून तळलेली मासळी कोण लक्षात ठेवतं? महिनाभर मी दर रविवारी रवा लावलेला इसवण खाऊन "पथ्य करूनही उठतंय" म्हणत होते. मग हिंग. डबीवर वाचा, खड्याचा नसेल तर बहुतेकदा त्यात गव्हाचं पीठ असतं. आता तांदळाच्या पिठात घोळवते, जास्त कुरकुरीत होतं खरं तर.

पोदेराची सायकल

सकाळी पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, पोंपों वाजलं की तुम्ही कानात कापूस घालत असाल.

नाचणीसत्व

पहिलं वर्षभर खिडकी लावून घेत होते. हसू नका.

निव्वळ वाचक

फेणीचं काय? औषधी असते म्हणतात. खोकल्याला आजी द्यायची.

ओपीडीतली

नर्स आहे, ड्युटीवर निघतेय, तीन ओळी. दारूने सोरायसिस वाढतो, फेणी असो की आणखी काही. मेथोट्रेक्सेट (सोरायसिसची गोळी) चालू असेल तर यकृतावर दुहेरी मार. आणि ती गोळी आठवड्यातून एकदा असते. एका काकांनी रोज घेतली, तोंडात फोड, रक्तातल्या पेशी घसरल्या, थोडक्यात वाचले. घरात म्हातारं माणूस ती गोळी घेत असेल तर कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

आणि शेवंतीताई, सांधे सकाळी आखडतात का? नखांवर टाचणी टोचल्यासारखे खड्डे? असतील तर दाखवा. तिथे पेज पुरत नाही.

शेवंतीची वेणी

नखं आहेत तशी. अंगठ्याची दोन्ही. दाखवते. देव बरें करूं.

केप्याची बाय

आले. भात गेलाच, कुत्र्याला घातला, त्यानेही तोंड फिरवलं.

आमच्या बाबांची गोष्ट. पायावर इसब, दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला, इंग्रजी व्ही काढल्यासारखा. वांग्याने खाज वाढते हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. बाबांनी तीस वर्षं वांगं तोंडात घातलं नाही. आगशीची वांगी घरात आली, काप तळले, की ते ताट घेऊन व्हरांड्यात. वासाने पण खाजतं म्हणायचे. मग धाकटा भाऊ एकदा त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी इसबाकडे बघितलं, मग बाबांच्या रबरी चपलेकडे बघितलं. व्ही त्या पट्ट्याचा होता हो! चामड्याच्या चपला घेतल्या, दोन महिन्यांत पाय स्वच्छ. बाबा त्या चवथीला तीन काप जेवले आणि म्हणाले, "इतकें कांय खास ना."

तिरफळ

तीस वर्षं!! वांग्याची माफी मागा कोणीतरी.

दर्यावर्दी

खाऱ्या पाण्याचं कोणी लिहिलं नाही अजून? मे महिन्यात आमची आजी डिचोलीहून सगळ्या नातवंडांना घेऊन कळंगुटला. रोज सकाळी दर्यात आंघोळ, आठ दिवस. खरूज, घामोळं, हाडं, सगळ्याला तेच औषध.

शेवंतीची वेणी

आम्हीही जायचो. मला ऊन मानवतं, दवाखान्यात ३११ नॅनोमीटरची प्रकाशपेटी देतात ती त्याच जातीची, फक्त मोजून मापून. पण दर्यात एकदा नडगीवर शिंपला लागला आणि दोनेक आठवड्यांत त्या ओरखड्याच्या रेषेवरच चट्टा उठला. सोरायसिसवाल्यांना खरचटलं की तिथे नवा उठू शकतो. उन्हाने कातडी करपली तरी तेच.

रातराणी

शेवंतीताई, विचारू की नको... सासूबाई आहेत?

शेवंतीची वेणी

आहेत गो. चौऱ्याऐंशी. आत्ता वही दाखवून आले. चष्मा लावून सावकाश पानं उलटली, स्वतःच्या अक्षराकडे फार बघितलं नाही. वड्यांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हें म्हाका खबर आशिल्लें. डबो हांवेंच सकयल दवरिल्लो." म्हणजे त्यांना माहीत होतं, वड्यांचा डबा त्यांनीच खाली ठेवला होता!

केप्याची बाय

😭

म्हापशेकर

खाज ४ मात्र तशीच राहिली.

पोदेराची सायकल

विषयांतर, पण पेजेला कोरगुट भाताचे उकडे तांदूळ कोणाकडे मिळतील? दुकानातले शिजल्यावर चिकट होतात.

तिरफळ

चुलत्याची खाजन (खाऱ्या पाण्याकाठची) शेती आहे, त्याच्याकडे असतात. तांबूस आहेत, शिजायला वेळ घेतात, कुकरात घालू नका. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येताय?

पोदेराची सायकल

येतो. पाच किलो. तोर पण असतील तर बघा, घरची बरणी संपली.

तिरफळ

तोर विकत मिळत नाहीत, मागावे लागतात. आईला विचारून सांगतो.