विषय: चॉकलेट कंपाउंड घट्ट झालंय, रविवारचा खाऊ – अर्जंट

प्रेषक: अनगोळच्या वहिनी

कोणी जागं असेल तर लगेच कळवा. रविवारी मंडळातर्फे पोरांना गडावर न्यायचंय, त्यांच्या दाण्याच्या वड्यांसाठी एक किलो डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं चॉकलेट) वितळवलं, मस्त पातळ झालं होतं, ठरल्याप्रमाणे त्यात गुळाचा पाक घातला चार-पाच चमचेच, आणि बघता बघता सगळं ओल्या सिमेंटसारखं झालं, डाव उभा राहतोय. परत गॅसवर ठेवलं तर अजूनच रवाळ झालं आणि वर तेल सुटायला लागलं. दाण्याचं कूट एक किलो, पुटाणी दळून अर्धा किलो, दूध पावडर पाव किलो, सगळं मापून बसलेय. टाकून द्यायचं का हे? कंपाउंड मंडळाच्या पैशाचं आहे म्हणून विचारते. आणि कृपा करून "मागच्या वर्षीसारखं राजगिऱ्याचंच करायचं होतं" असं कोणी लिहू नका.

प्रेषक: निपाणीकर मामा

मागच्या वर्षीसारखं राजगिऱ्याचंच करायचं होतं. पोरांना गडावर चॉकलेट कशाला पाहिजे ओ? आम्ही राजहंसगड चढायचो तेव्हा एका खिशात भाजक्या शेंगा, दुसऱ्या खिशात गुळाचा खडा, बस्स की.

प्रेषक: हिंदवाडीची ताई

मामा, शेंगा आणि गूळच आहे त्यात, वरून चॉकलेट एवढंच.

वहिनी टाकू नका, आणि गॅसवर तर अजिबात ठेवू नका आता. कंपाउंड असो नाहीतर खरं चॉकलेट, ते म्हणजे तुपातेलात बारीक साखर आणि कोको पसरलेला असतो, पाण्याचा अंश नसतोच जवळजवळ. त्यात थोडंसं पाणी गेलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. पाकात पाणी असतंच. गंमत अशी की थोडं पाणी घातक, भरपूर पाणी चालतं. किलोला साधारण पाव लिटर दूध कडकडीत गरम करा, एकदम ओतू नका, दोन-दोन पळ्या घालून जोरात घोटत राहा. सुरुवातीला अजून बिघडल्यासारखं वाटेल, घाबरू नका, मग एकदम चकचकीत सॉस होतो. ते परत कधीच कडक चॉकलेट होणार नाही, वड्यांवर वरून लावायचं स्वप्न सोडा. कुटात मिसळून लाडू वळा. पुटाणीचं पीठ आणि दूध पावडर ओल ओढून घेतात.

प्रेषक: खानापूरचे सर

दूध कशाला? गरम पाण्यानंही तेच होतं, आणि दूध घातलेलं रविवारी उन्हात टिकायचं नाही. ताईंचं बाकी बरोबर. पण मला मूळ प्रश्न वेगळाच आहे, मीटिंगमध्ये "हेल्दी खाऊ" असं ठरलं होतं, मग कंपाउंड का आणलं? त्यात कोको बटर काढून वनस्पती तेल असतं, बहुतेक पाम कर्नेलचं, नाहीतर हायड्रोजनेटेड. ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं, पण सॅच्युरेटेड फॅट आहेच की. पुढच्या वेळी नुसती बिनसाखरेची कोको पावडर आणि थोडं तूप घ्या. कोको पावडरीत 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, फक्त ती कडू असते म्हणून फार घालता येत नाही. आणि चॉकलेटच पाहिजे तर आपल्या कर्नाटकातलं घ्या, कॅम्पकोचं. सुपारी-कोको पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, 1973 ची, पुत्तूरचा कारखाना 1986 चा. सुपारीच्या बागेत मधे मधे कोकोची झाडं असतात, मी बघून आलोय, फळ थेट खोडावर लागतं.

प्रेषक: खजिनदार

कंपाउंड मी आणलं. कारण किलोचा भाव बघितला. खऱ्या चॉकलेटला जवळपास दुप्पट लागत होते आणि ते टेंपर करावं लागतं, म्हणजे कडक आणि चकचकीत बसावं म्हणून 45-50 अंशापर्यंत वितळवा, 28 पर्यंत खाली आणा, परत 31-32 वर न्या, थर्मामीटर कोणाकडे आहे मंडळात? कंपाउंडला ही भानगड नाही. शिवाय कोको बटर 34 अंशाच्या आसपास विरघळतं, गडावर दुपारी बॅगेत काय झालं असतं ते सरांनी सांगावं. बिल फाईलला लावलेलं आहे.

प्रेषक: दुबईहून (पूर्वीचा शहापूरचा)

सगळ्यांना नमस्कार, लिस्टवर अजून आहे मी. प्रोटीन म्हणताय तर व्हे (दुधाच्या निवळीची प्रोटीन पावडर) घाला ना, 100 ग्रॅमला 75-80 ग्रॅम प्रोटीन मिळतं, दाण्यात फक्त 25. मी इथे जिममध्ये खजूर, व्हे आणि कोकोचे गोळे नेतो. फक्त पाक किंवा चॉकलेट गरम असताना घालू नका, गुठळ्या होतात आणि रबरासारखं लागतं, कोमट झाल्यावर घाला.

प्रेषक: खजिनदार

व्हेचा डबा काय भावाला आहे ते दुबईहून पाठवून सोडा, मग बघू.

प्रेषक: निपाणीकर मामा

गूळ कुठला घेतला ते कोणी सांगितलंच नाही. महालिंगपूरचा घेतला असेल तर पाक लवकर येतो, कोल्हापुरी चिवट.

प्रेषक: वडगावचे काका

मामा, उलट आहे. कोल्हापुरीचाच गोळीबंद पाक चांगला येतो, आमच्या घरी दरवर्षी चिक्की होते.

प्रेषक: निपाणीकर मामा

काका, तुम्ही महालिंगपूरला कधी गेलाय काय? बाजारात ढेपा लावलेल्या असतात बघा एकदा, मग बोला.

प्रेषक: हिंदवाडीची ताई

गूळ कुठलाही असो, पाक चॉकलेटमध्ये नाही, कुटात घालायचा असतो. आधी पाक आणि कूट एकत्र करून निववायचं, मग त्यावर वितळलेलं कंपाउंड ओतायचं, मधे ओलं काही नाही. भांडं आणि चमचासुद्धा कोरडा पाहिजे, आणि पाण्याच्या पातेल्यावर वितळवत असाल तर वाफ आत जाते, म्हणून पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं गरम. मी कृती लिहून दिली होती त्यात हा क्रम होता, कोणीतरी टाईप करताना एकत्र केला.

सर, पाण्याने होतं, पण चव पाणचट येते. फ्रीजमध्ये ठेवून रविवारी सकाळी काढले तर दुधाचेही दुपारपर्यंत काही होत नाही.

प्रेषक: टिळकवाडीच्या मावशी

एक महत्त्वाचं, वादात राहून जाईल. आमच्या नातवाच्या वर्गातल्या एका मुलीला शेंगदाणा अजिबात चालत नाही, घसा सुजतो, तिचं नाव रविवारच्या यादीत आहे. तिच्यासाठी वेगळं करा आणि वेगळं म्हणजे वेगळं भांडं, वेगळा चमचा, मिक्सरसुद्धा वेगळा, तोच पुसून नाही. तीळ, पुटाणी चालतात का हे तिच्या आईला विचारूनच. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात "शेंगदाणा आहे" लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही, बसचा ड्रायव्हर आणि गडावरची माणसं पण खातात.

प्रेषक: खानापूरचे सर

मावशींचं शंभर टक्के बरोबर. कन्नड मी लिहून देतो.

मात्र डब्यावर "प्रोटीन लाडू" लिहायचं असेल तर आधी हिशेब करा. एक किलो दाण्यातून 250, अर्धा किलो पुटाणीतून 100 च्या थोडं वर, पाव किलो दूध पावडरीतून (बिनसायीची असेल तर) 85-90, कंपाउंड आणि दूध मिळून अजून 40-50. म्हणजे पाचशेच्या आत-बाहेर. पाक धरून सगळं मिश्रण सव्वातीन किलोच्या आसपास, 30 ग्रॅमचे साधारण 110 लाडू, एका लाडवात साडेचार ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात सहा असतं. वाईट नाही, पण प्रोटीन प्रोटीन म्हणून नाचण्यासारखंही नाही. पोरं दोन खाणार, तर गूळ, साखरही दुप्पट जाणार.

प्रेषक: वडगावचे काका

मग गोकाकचा करदंट घ्या की सरळ! डिंक, सुकं खोबरं, काजू, बदाम, गूळ, उन्हात वितळत नाही, ह्या सगळ्या भानगडी नकोत.

प्रेषक: खजिनदार

काका, एवढ्या जणांना सुकामेव्याचा करदंट? मंडळाच्या पैशात? तुम्ही प्रायोजक होणार असाल तर नोटीस काढतो आत्ताच.

प्रेषक: दुबईहून (पूर्वीचा शहापूरचा)

मला इथे करदंट पाठवणार का कोणी, येणारं-जाणारं असेल तर. आणि कुंदा पण.

प्रेषक: अनगोळच्या वहिनी

ताई, झालं! पाव लिटरपेक्षा जरा जास्त दूध लागलं, मधे एकदा वाटलं गेलंच हातातून, नंतर घोटता घोटता एकदम सैल होऊन चकाकायला लागलं. कूट, पुटाणी, पावडर घालून मळलं, थोडं सैल होतं म्हणून पुटाणीचं पीठ अजून दोन मुठी टाकलं, हाताला तूप लावून वळले. चव कडवट-गोड, सासूबाईंनी दोन खाल्ले आणि म्हणाल्या मीठ कमी आहे. चॉकलेटमध्ये मीठ. पण चिमूटभर घालून बघितलं तर खरंच बरं लागतंय, पुढच्यांनी घाला.

त्या मुलीच्या आईला फोन केला, तीळ आणि पुटाणी दोन्ही चालतात. तिचे लाडू माझ्या इथे नकोत, इथे सगळीकडे दाण्याचं कूट उडालंय. ताई, तुमच्या मिक्सरमध्ये दाणे जात नसतील तर तुम्ही करा, तुमच्याकडची कोको पावडर घालून.

प्रेषक: हिंदवाडीची ताई

करते. माझा दाण्याचा मिक्सर वेगळाच आहे. खजूर घालून करीन, पाक नको. झाकणाला लाल रिबन बांधून थेट तिच्या आईच्या हातात देईन, मोठ्या डब्यांबरोबर गाडीत ठेवणार नाही.

प्रेषक: निपाणीकर मामा

राजगिऱ्याच्या वड्या मी घेऊन येतोय तरी. असू द्या बाजूला.

प्रेषक: खजिनदार

येऊ द्या मामा, फक्त बिल मागू नका.

वहिनी, ते लाडू शनिवारी रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी साडेपाचला गोवावेसला बस उभी असेल तिथे मोठ्या स्टीलच्या दोन डब्यांत आणा. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर उजव्या बाजूला ऊन येतं, तिथे डबे ठेवू नका. मावशींनी सांगितलेली पाटी सर लावतील.