गरम सीटवर बसलेल्यांनो, अनुभव सांगा

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर हात मागे नेणं जमेना, म्हणून आमच्याकडे गरम पाण्याची बिडे सीट आली, म्हणजे कमोडवर बसवायची, खालून धार सोडून धुणारी विजेची सीट. आता पाठ बरी आहे, पण सीट कोणी काढू देत नाही. तुम्ही बसवली असेल तर सांगा. कौतुक कमी आणि फजिती जास्त चालेल. माझी अशी: कमोडच्या मागच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं, १४ सेंटिमीटर, अगदी बरोबर. भोकांपासून पुढच्या कडेपर्यंतचं माप घ्यायचंच राहिलं. कमोड गोल, सीट लांबट. ती पुढे चार बोटं लोंबत राहिली. ती परत पाठवून मापाची मागवली. आता एकेकाने आपापली सांगा.

आमचं घोडं प्लगपाशी अडलं. संडासात प्लग होताच कुठे? आरशाजवळून एक्स्टेन्शन ओढायचा बेत मी वायरमनला ऐकवला, तर तो पक्कड पिशवीत टाकून निघालाच! वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्विच (आरसीसीबी), असेल तरच हात लावतो म्हणाला. तेव्हा राग आला होता. पाणी, वीज आणि उघडं अंग एकाच जागी, हे आता विचार केल्यावर पटतं.

वरच्यांना पुस्ती. घेण्याआधी आत पाणी तापवून ठेवणारी टाकी आहे का ते विचारा. आमच्या सीटमध्ये लिटरभराची टाकी आहे. सकाळी ओळीने तिघं जातात आणि तिसऱ्याला धार अर्ध्यात गार पडते. तिसरी मी.

बिनटाकीचीही गोष्ट ऐका. धार शेवटपर्यंत कोमट, पण तेवढ्या वेळापुरते हजार-बाराशे वॉट सहज ओढते. गिझर त्याच लाइनवर होता. दोन्ही एकदम चालले आणि घरभर अंधार.

मी सीट चालू ठेवूनच ओल्या फडक्याने पुसत होतो. सेन्सरला वाटलं कोणी बसलंय, कोपर बटणावर पडलं. चष्मा स्वच्छ झाला.

आईला मधुमेह आहे, मांड्यांना स्पर्श नीट कळत नाही. बसली की अर्धा तास. एकदा कातडी लाल दिसली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की ४४-४५ अंशांची ऊबसुद्धा एकाच जागी फार वेळ राहिली तर भाजू शकतं. आता ती जायच्या आधी सीट तापवतो आणि बसताना बंद करतो. पाण्याची धार मात्र तिला खूप सोयीची झाली, मदतीला कोणी आत यावं लागत नाही. यासाठी मी सीटचे सगळे गुन्हे माफ केलेत.

धार तिरकी जायला लागली की बिघाड समजू नका. आमचं पाणी जड, नोझलच्या भोकांत क्षार बसतात. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात फडकं बुडवून गुंडाळून ठेवायचं, मग मऊ ब्रश. पाणी आत येतं तिथली जाळीही काढून धुवा. टोटो या जपानी कंपनीने १९८० साली जपानात वॉशलेट ही आपली बिडे सीट आणली, तेव्हा धारेचा ४३ अंशांचा कोन स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर पारखून ठरवला होता. त्यांच्या बसण्याची क्षारांनी माती होऊ देऊ नये.

एकच सांगते. कमोडजवळच्या भिंतीतल्या नळाला (अँगल कॉकला) टी, म्हणजे पाण्याचे दोन फाटे करणारा जोड, लावून सीटचं पाणी घ्या, पण जुना जेट स्प्रे काढू नका. गेल्या आठवड्यात मी आत असतानाच वीज गेली.