अधू म्हणजे पूर्ण निकामी नव्हे

‘अधू’ या शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाला एकांनी ‘अधू म्हणजे अपंग’ असं एका ओळीत उत्तर दिलं आहे. मला ते पटत नाही. अधू म्हणजे शक्ती उणावलेली, संपलेली नव्हे. म्हणूनच कशाने अधू ते आधी सांगावं लागतं: डोळ्यांनी अधू, पायाने अधू. शब्दाचं रूप कधी बदलत नाही; अधू मुलगा, अधू मुलगी, अधू माणसं.

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला बोलताना हा शब्द फारसा येत नाही. ‘आजयेक डोळ्यांन कमी दिसता’ एवढंच म्हणतात, आणि मला ते जास्त माणुसकीचं वाटतं. ती आजी जाळं विणायला हाताच्या सवयीने बसते, सुकटीतला कचराही चाचपून काढते. तिला आंधळी म्हणणं चूकच.

हा फरक फक्त बोलण्यापुरता नाही. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत, आणि दोन्हींत अंधत्व वेगळं नि अल्पदृष्टी वेगळी धरली आहे. आरक्षणासारख्या बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. त्यामुळे ‘थोडं दिसतं ना, मग कसला दाखला’ असं घरच्यांनीच परस्पर ठरवून टाकू नये. टक्केवारी डॉक्टरांना ठरवू द्या. सिंधुदुर्गातल्यांनी ओरोसच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. मात्र साधा मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया. तिथे नजर बहुतेक वेळा परत येते.