बिडाचा तवा – घावन सुटतच नाहीये, मदत हवी आहे (शनिवारच्या आत!)

भांडंवेडा | बुधवार, रात्री ११:४०
लोकहो, डोकं फिरायची वेळ आलीये. गेल्या महिन्यात हौसेने बिडाचा तवा घेतला, चांगला बारा इंची, एका हाताने उचलत नाही असा जड. सीझनिंग (म्हणजे तेल लावून तापवून थर बसवणं) रीतसर केलं, एकदा नाही, सात वेळा. तरी घावन टाकलं की बसलंच. काढायला जावं तर मधे करपलेला चुरा आणि कडेला लगदा. काल अकरा टाकली, एकही धड निघालं नाही. शेवटी बायकोने त्या चुऱ्याला फोडणी दिली आणि उपमा म्हणून वाढला. शनिवारी संध्याकाळी आठ माणसं जेवायला आहेत आणि मी सगळ्यांना घावन-चटणी कबूल करून बसलोय. व्हिडिओच्या लिंका कृपया देऊ नका, सगळे पाहून झालेत. पीठ नीट आहे. फक्त तव्याचं काय ते सांगा.

पाटावरवंटा | रात्री ११:५२
तांदूळ कुठला? जुना का नवा? भिजवून वाटलात का विकतचं पीठ? "पीठ नीट आहे" असं सांगणाऱ्यांचंच पीठ बिघडलेलं असतं, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

साधासरळ | गुरुवार, सकाळी ७:१५
नॉनस्टिक घ्या, विषय संपवा. हे बीड, लोखंड, तांबं वगैरे सगळं फॅड आहे. आमच्या आयांनी हे सगळं टाकून नॉनस्टिक घेतलं ते काय वेड्या होत्या म्हणून?

हळदकुंकू | सकाळी ७:४०
नॉनस्टिकने कॅन्सर होतो. माहिती नसेल तर सल्ले देऊ नयेत.

साधासरळ | सकाळी ७:४४
व्हॉट्सॅप विद्यापीठ सुरू झालं. मूळ प्रश्न बाजूला.

एडिसनकर | सकाळी ८:०५
दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहात. टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिकचं कोटिंग, १९३८ साली अपघातानेच सापडलं, ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत. ज्याची बोंब होती ते पीएफओए नावाचं रसायन, ते कोटिंग बनवताना वापरायचे आणि इथल्या, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत ते बंद केलं. पण रिकामा नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसलात तर २६० डिग्रीच्या पुढे कोटिंग खराब व्हायला लागतं, आणि फारच तापलं तर त्या धुराने घरातले पोपट मरतात, हे खरं आहे. माझ्याकडे चौदा तवे-पॅन आहेत, त्यात नॉनस्टिक एकच, ऑम्लेटपुरतं. भांडंवेडा, तुम्ही कार्बन स्टीलचा घ्यायला हवा होतात. वजन बिडाच्या निम्मं, तापतो पटकन. बीड विकून टाका.

भांडंवेडा | सकाळी ९:१०
विकून टाका काय? बावीसशे रुपये दिलेत. आणि शनिवार परवावर आलाय. कोणी तव्याबद्दल बोलेल का प्लीज.

माडाखाली | सकाळी ९:३०
आमच्याकडे त्याला भिडं म्हणतात. आजीचं वाक्य होतं, "आधी भिडा तापांदे, मगे घावणे घाल." चुलीवर ते एकदा चढलं की शेवटचं घावन होईपर्यंत उतरायचं नाही. तेल ब्रशने वगैरे नाही, नारळाच्या शेंडीचा बोळा तेलात बुडवून फिरवायचा. पीठ ताकाइतकं पातळ आणि ओतायचं कडेकडून आत, डोशासारखं मधे घालून पसरायचं नाही. पसरलंत का तुम्ही? झाकण ठेवलंत का?

गोंदणखुणा | सकाळी ९:५५
शेंडी नको, अर्धा कांदा. काट्याला टोचून तेलात बुडवून घासायचा. कांद्याशिवाय सुटणारच नाही, पैज लावते.

माडाखाली | सकाळी १०:०२
गोडाच्या घावनाला कांद्याचा वास देणार का ताई?

गोंदणखुणा | सकाळी १०:०६
ते चटणी म्हणालेत. गोडाचा विषय तुम्ही काढलात.

सराटेवाला_नागपूर | सकाळी १०:३०
सात वेळा सीझनिंग केलं म्हणता, तेल कोणतं वापरलं? जवसाचं वापरा, घाणीवरचं. आमच्याकडे विदर्भात चांगलं भेटते. जवसाचा थर असा कडक बसते का विचारू नका. आन् काढायला पातळ धारेचा सराटा पायजे.

गोंदणखुणा | सकाळी १०:३३
सराटा म्हणजे उलथनं का?

सराटेवाला_नागपूर | सकाळी १०:३५
सराटा म्हणजे सराटाच. तुमच्याकडे ज्याले कालथा, उलथनं काय काय म्हणतात ते.

भांडंवेडा | सकाळी १०:५०
जवसाचंच वापरलंय! सात थर! म्हणूनच तर वैताग आलाय.

शिरोली_फाटा | सकाळी ११:२०
मी कोल्हापूरचा, फौंड्रीत बावीस वर्षं काढलीत, आता बोलतो. आधी दोन प्रश्नांची सरळ उत्तरं द्या, बाकी चर्चा नंतर.
एक, तव्यावर बोट फिरवा, चिकट लागतंय का?
दोन, गॅस आहे का इंडक्शन?
तुम्ही म्हणताय मधे करपतंय आणि कडेला लगदा. ही तेलाची तक्रार नाही वाटत मला, तापण्याची वाटतेय. बीड म्हणजे लोखंडात तीन-साडेतीन टक्के कार्बन. लई गुणी माल, उष्णता धरून ठेवतो, पण इकडची तिकडं न्यायला महा आळशी. अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम पाव पट वाहक. म्हणजे जिथं तापवाल तिथंच तापणार, कडेला पोचायला वेळ घेणार.

भांडंवेडा | दुपारी १२:०५
१) हो, चिकट आहे. मधे काळा गोल झालाय आणि त्याच्या बाहेर तपकिरी, तिथे बोट ठेवलं तर टेपसारखं चिकटतं.
२) इंडक्शन. बिल्डिंगमध्ये पाइप गॅसचं काम चालू आहे, सिलिंडर आधीच परत केलाय. पण तवा इंडक्शनवर चालतो, चुंबक लावून बघितलंय. त्याने काय फरक पडतो?

शिरोली_फाटा | दुपारी १२:०९
हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं की हो!!

माडाखाली | दुपारी १२:१५
आम्ही इथे शेंडी न् कांद्यावर भांडतोय.

शिरोली_फाटा | दुपारी १२:४०
ऐका आता. इंडक्शनच्या काचेखाली कॉइल असते सात-आठ इंचाची. तुमचा तवा बारा इंची. फुल पॉवर लावली की मधला गोल जाळ होतो आणि कड कोमट राहते. तुमच्या तव्यावर जो काळा गोल उमटलाय तो त्या कॉइलचा नकाशा आहे. घावन टाकलं की मधलं जळणार आणि कडेचं गार लोखंडावर बसून चिकटणार, यात पिठाचा काय दोष? आणि सीझनिंगचंही तेच झालंय. मधलं तेल भाजून कडक झालं, कडेचं नुसतं आटून डिंक झालं. सीझनिंग म्हणजे तेल मुरणं नव्हे, तेल तापून त्याचा पातळ कडक पापुद्रा तयार होणं. आणि तुम्ही थर जाड दिलेत, नक्की. तेल लावायचं आणि मग चुकून लागलं असं समजून सगळं पुसून काढायचं, जे उरतं तेवढंच पाहिजे. जवसाचं म्हणाल तर चकाकतं छान, पण नंतर खपल्या निघतात. साधं शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं घ्या.
आणखी एक, फुल पॉवरवर गार तवा ठेवू नका, एखाद दिवशी तडकन आवाज येईल आणि दोन तुकडे हातात. बीड वाकत नाही, फुटतं. तापल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरी तेच.

सराटेवाला_नागपूर | दुपारी १२:५५
माह्या तव्याच्या खपल्या नाही निघाल्या कधी. दहा वर्षं झाले.

शिरोली_फाटा | दुपारी १:००
तुमचा तवा लोखंडी पत्र्याचा का बिडाचा?

सराटेवाला_नागपूर | दुपारी १:२०
लोखंडी. एकच ना?

शिरोली_फाटा | दुपारी १:२२
🙏

केकवाली_काकू | दुपारी २:००
बंट टिनबद्दल (मधे भोक असलेला, खाचांचा केकचा साचा) सांगते. तुमचा टिन काळा असेल तर ओव्हन दहा-पंधरा डिग्री कमी ठेवा, काळं भांडं उष्णता जास्त ओढतं आणि केक बाहेरून करपतो. खाचाखाचांत वितळलेलं लोणी ब्रशने लावून वर मैदा भुरभुरवा, आणि काढल्यावर दहा मिनिटं थांबून मग उपडा करा. लगेच उपडा केला की शेंडा आतच राहतो.

भांडंवेडा | दुपारी २:१५
काकू, बंट टिनबद्दल मी कधी विचारलं? (आहे माझ्याकडे. आणि शेंडा आतच राहिला होता. थँक्यू.)

एडिसनकर | दुपारी २:३०
झोप येत नाहीये म्हणून परत आलो. ओव्हन आहे म्हणजे मग सोपंच आहे. आधीचा डिंक खरवडून काढा, तेलाचा हात फिरवून पुसा, तवा उपडा घालून २३० डिग्रीवर एक तास, तिथेच गार होऊ द्या. सगळा तवा सारखा तापतो. असं तीनदा. इथे बिडाचे पॅन बनवणारी लॉज कंपनी १८९६ पासून आहे, हल्ली तर ते फॅक्टरीतच तेलाचा थर भाजून देतात.

हळदकुंकू | दुपारी ३:१०
खरवडायला साबण अजिबात लावू नका. बिडाला साबण वर्ज्य. आमच्या घरी तर पेजेत ठेवायचे नवा तवा, आठ दिवस. आणि लोखंडात केल्याने हिमोग्लोबिन वाढतं.

शिरोली_फाटा | दुपारी ३:३०
पेज बरोबर, जुनी पद्धत, पण त्यांच्याकडे आठ दिवस नाहीत, दोन आहेत. साबणाची भीती जुनी आहे. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक राहायचं, ते थर खायचं. हल्लीचं भांड्याचं लिक्विड चालतं. डिंक घालवायला गरम पाणी, लिक्विड, तारेची घासणी, दोन हात जोर. मग लगेच कोरडा करून तापवा, ओला ठेवलात तर तासाभरात तांबेरा. मी म्हणतो ते टाळायचं ते चिंच, कोकम, टोमॅटो. आंबट पदार्थ शिजवला की थर गेला आणि रस्सा काळा.

नुसतावाचक | दुपारी ४:००
धाग्यात भांड्यांचे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो. आजीची पितळी पातेली आहेत, कल्हईवाला पुण्यात कुठे मिळेल?

माडाखाली | दुपारी ४:१२
तांबट आळीत चौकशी करा. आणि कल्हई केल्यावर रिकामं पातेलं गॅसवर तापवत ठेवू नका, कथील २३२ डिग्रीला वितळतं. आमच्या वहिनीने पातेलं रिकामंच विसरलं होतं, तळाशी नुसते चंदेरी मणी.

भांडंवेडा | रात्री ९:४५
अपडेट. खरवडला. दीड तास गेला, दोन घासण्या संपल्या. खाली राखाडी लोखंड निघालं, बघून पोटात गोळा आला. आता पुढची गंमत. तवा ओव्हनमध्ये जात नाही. बारा इंच बसतात कसेबसे, पण दांडी दारातून बाहेर. दार उघडं ठेवून करू का?

एडिसनकर | रात्री ९:५०
घरात आग लावू नका.

केकवाली_काकू | रात्री ९:५८
भांडं घेताना ओव्हनची आतली रुंदी टेपने मोजायची असते. मी टेप पर्समध्ये ठेवते, दुकानदार हसतात, हसू देत.

शिरोली_फाटा | रात्री १०:१५
शेजारी कोणाकडे गॅस असेल की. मोठा बर्नर, मध्यम आच, तवा दर दोन मिनिटांनी सरकवत राहायचं म्हणजे कडसुद्धा तापते. धूर येऊन थांबला की एक थर झाला. खिडकी उघडी ठेवा. तीन थर पुरेत, सात नकोत.
आणि शनिवारी इंडक्शनवर करणार असाल तर सगळ्यात कमी पॉवरवर दहा मिनिटं आधीच ठेवा, मधे मधे सरकवा, आणि घावन कॉइलएवढंच घाला, सात इंची. बारा इंचाच्या तव्यावर बारा इंची घावन घातलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

भांडंवेडा | शुक्रवार, रात्री १०:३०
तळमजल्यावरच्या आजोबांकडे अजून सिलिंडर आहे. तवा धान्याच्या पिशवीत घालून खाली नेला, लिफ्टमध्ये सेक्रेटरी म्हणाले डंबेल का. तीन थर दिले. धुराने आजोबांचं मांजर गॅलरीत गेलं ते आलंच नाही आत. पण तवा काय दिसतोय राव! मऊ काळा, बोट चिकटत नाही. आजोबा म्हणाले, एवढा खटाटोप केलायस तर एक अंडं टाकून बघ. अंडं घसरलं!!

गोंदणखुणा | रात्री १०:४१
अंडं टाकून मग त्यावर घावन? आलेल्यांत कोणी शाकाहारी असलं तर?

भांडंवेडा | रात्री १०:४४
धुतलाय हो.

भांडंवेडा | रविवार, सकाळी ११:००
झालं. एकूण सव्वीस घातली. पहिली तीन गेली, चौथ्याला कड आपोआप उचलली आणि खाली जाळी दिसली, मी किचनमध्ये एकटाच ओरडलो. मग सुटतच गेली. सात इंचीच घातली, कोणी मोजायला आलं नाही. पीठ दर वेळी तळापासून ढवळायला लागतं हे कोणीच सांगितलं नाहीत, खाली बसतं. कांदाही वापरला आणि शेंडीही, कोणाचा राग नको. शेवटची पाच-सहा मात्र परत थोडी धरायला लागली, ते का कळलं नाही, तवा तर छान तापलेला होता. आता एक दहा इंची घ्यावा म्हणतोय, ओव्हनमध्ये बसेल असा. बायकोला अजून बोललेलो नाही.

शिरोली_फाटा | सकाळी ११:२०
शेवटी तवा जास्तच तापला असणार. दोन मिनिटं बंद करून ओल्या फडक्याचा नुसता हात फिरवायचा, पाणी ओतायचं नाही.

पाटावरवंटा | सकाळी ११:३५
तांदूळ कुठला होता ते अजून सांगितलेलं नाहीत.

भांडंवेडा | दुपारी १२:१०
आंबेमोहोर. गावाहून आलाय, याच हंगामातला.

पाटावरवंटा | दुपारी १२:१२
नवा आंबेमोहोर! त्याचा भात शिजून गोळा होतो आणि तुम्ही घावनं घालताय त्याची. तवा तापो नाहीतर न तापो, तो धरणारच. पुढच्या वेळी निम्मा जुना कोलम घाला, रात्रभर भिजवून वाटा, आणि मग दहा इंची तवा घ्यायचा का नाही ते ठरवा.